कायरोप्रॅक्टर व्हायचंय? हात लावण्याआधी काय शिकावं लागतं

बार्शीच्या एका विद्यार्थ्याने विचारलं आहे: "मॅडम, मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय प्राणिशास्त्र आणि रसायनशास्त्र. नीट दोनदा दिली, एमबीबीएसला नंबर लागला नाही. मणक्याचे व्हिडिओ बघून कायरोप्रॅक्टर व्हायचं मनाने घेतलंय. कोणते विषय करू? कुठे शिकू? अंगात खूप ताकद लागते का? आणि शिकून परत आलो तर इथे प्रॅक्टिस करता येईल का?"

तुला 'तू' म्हणते, राग मानू नकोस. माझा भाचा तुझ्याच वयाचा आहे. मी सतरा वर्षं हे काम, म्हणजे मणक्यावर आणि सांध्यांवर हाताने उपचार, करते, सहा अमेरिकेत आणि अकरा पुण्यात. तुझे चारही प्रश्न योग्य आहेत, फक्त शेवटचा आधी घ्यायला हवा, कारण त्याच्या उत्तरावर बाकीचे तीन अवलंबून आहेत.

भारतात कायरोप्रॅक्टिकला स्वतःची वैधानिक परिषद नाही. 2021 मध्ये संसदेने संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या परिशिष्टात व्यवसायांचे दहा गट आहेत. फिजिओथेरपीला त्यात स्वतंत्र गट आहे, कायरोप्रॅक्टिकला नाही. म्हणजे तू परदेशातून कितीही चांगलं शिकून आलास तरी इथे तुझी नोंद कायरोप्रॅक्टर म्हणून कोणी करणार नाही. आणि ज्याने काहीच शिकलेलं नाही, त्यालाही पाटी लावताना कोणी अडवत नाही. दोन दिवसांचा कोर्स करून पाटी लावलेली माणसं मी पाहिली आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने 2005 मध्ये कायरोप्रॅक्टिकच्या शिक्षणासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पूर्ण वेळ शिक्षणाला किमान 4,200 तास, आणि त्यातले किमान 1,000 तास देखरेखीखाली रुग्ण तपासण्याचे, असं त्यात आहे. शनिवार-रविवारचा कोर्स म्हणजे फार तर 16 तास. कोणी तुला असं प्रमाणपत्र विकायला आलं, तर हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडून बघ.

म्हणून आधी स्वतःला विचार, राहायचं कुठे आहे? बार्शी-सोलापूरकडेच राहून लोकांच्या पाठी-कंबरा बऱ्या करायच्या असतील, तर माझा स्पष्ट सल्ला फिजिओथेरपीचा आहे. महाराष्ट्रात त्या पदवीचा प्रवेश नीटच्याच गुणांवर होतो. एमबीबीएस हुकलेल्या गुणांत तिथली जागा मिळू शकते. पुढे मस्क्युलोस्केलेटल (स्नायू-हाडांच्या) विषयात मास्टर्स कर, मॅन्युअल थेरपी, म्हणजे हाताने करायचे उपचार, मन लावून शीक. मणक्यावर हाताने करायचं बरंचसं काम तुला कायद्याने मिळालेल्या ओळखीसह करता येईल. हा काही दुय्यम मार्ग नाही. माझ्याबरोबर काम करणाऱ्या दोन फिजिओथेरपिस्ट मुलींचा हात मानेवर माझ्यापेक्षा हलका आणि अचूक आहे.

दुसऱ्या देशात जाऊन तिथेच काही वर्षं काढायची तयारी असेल, तर पुढचं वाच.

देश आधी ठरव, कॉलेज नंतर. हा परवान्याचा व्यवसाय आहे आणि परवाना देशाचा, अमेरिकेत तर राज्याचा असतो. इंग्लंडमध्ये 1994 च्या कायद्याने जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिल ही नोंदणी करणारी परिषद आली. तिथे नोंदणीशिवाय स्वतःला कायरोप्रॅक्टर म्हणवणं हा गुन्हा आहे. कॅनडात टोरांटोचं कॉलेज 1945 पासून चालू आहे. ऑस्ट्रेलियात मेलबर्न, सिडनी, पर्थ इथे विद्यापीठांतच हे शिकवतात, बारावीनंतर साधारण पाच वर्षं. क्वालालंपूरला आयएमयू या विद्यापीठात चार वर्षांची पदवी आहे, आणि आपल्याकडच्या घरांना तिथला खर्च त्यातल्या त्यात झेपतो. डेन्मार्कमध्ये ओडेन्सेच्या विद्यापीठात कायरोप्रॅक्टिकची मुलं सुरुवातीची वर्षं वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या बरोबर एकाच वर्गात बसतात. माझ्या मते शिकवण्याची ती सगळ्यांत चांगली रीत आहे, पण त्यासाठी डॅनिश यावी लागते.

मला नीट माहीत आहे ती अमेरिका, म्हणून तिथलं सविस्तर सांगते. तिथे डॉक्टर ऑफ कायरोप्रॅक्टिक ही पदवी साधारण दहा सत्रांची असते. सुट्टी न घेता केली तर साडेतीन वर्षांच्या आत होते. प्रवेशाला कॉलेजच्या शिक्षणाचे 90 सेमिस्टर तास (म्हणजे क्रेडिट, घड्याळाचे तास नव्हेत) लागतात आणि गुणांची सरासरी 4 पैकी 3 लागते. त्या 90 पैकी किमान 24 तास जीवशास्त्र, रसायन, भौतिक अशा विज्ञान विषयांचे हवेत, आणि त्या विषयांपैकी निम्म्यांना तरी प्रयोगशाळा जोडलेली हवी. आपली तीन वर्षांची बीएस्सी बहुधा या मापात बसते, पण ते तिथली मूल्यांकन करणारी संस्था ठरवते. शिकता शिकता आणि नंतर राष्ट्रीय बोर्डाच्या चार भागांच्या परीक्षा असतात. पहिल्या भागात सहा विषय: सामान्य शरीररचना, कण्याची रचना, शरीरक्रिया, रसायन, विकृतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र. यादी बघ, तुझ्या बीएस्सीशी किती जुळते! रसायनशास्त्राचा कंटाळा करू नकोस. त्या पेपरात भरणा जीवरसायनाचा असतो, आणि माझ्या वर्गातली जी मुलं अडकली त्यातली निम्मी तिथेच अडकली.

आता विषयांचं. तू भौतिकशास्त्र बारावीनंतर सोडलं आहेस, आणि नेमकं तेच या कामात रोज लागतं. एक हिशेब करून बघ. पंधरा किलोची भरलेली बादली वाकून उचललीस. बादली कण्यापासून पुढे 40 सेंटिमीटरवर आहे. पाठीचे स्नायू ती तोलून धरतात, पण त्यांची ओढ कण्याच्या मागे जेमतेम 5 सेंटिमीटरवर लागते. तरफेचा साधा नियम लाव: स्नायूंना आठपट जोर लावावा लागतो, म्हणजे 120 किलोच्या वजनाइतका. आणि यात तुझ्या वाकलेल्या धडाचं वजन अजून धरलेलंच नाही. तीच बादली पोटाशी धरून उचल, 40 चे 20 होतात आणि ओझं निम्म्यावर येतं. कंबर धरलेल्या बाईला 'वाकू नका' असं सांगून काही होत नाही, घरात पाणी कोण भरणार? बादली अंगाशी घेऊन उचला, हे सांगता येतं, आणि का ते दाखवताही येतं. म्हणून बारावीचं यांत्रिकीचं प्रकरण पुन्हा काढ. सदिश, टॉर्क, संवेग, एवढं तरी पक्कं कर.

शरीररचना पाठ करायची गोष्ट आहे असं सगळे म्हणतात. मी म्हणते ती हाताने शिकायची गोष्ट आहे. मानेच्या मणक्यांचे मागचे छोटे सांधे तिरपे असतात, पाठीचे जवळजवळ उभ्या पडद्यासारखे, कमरेचे आत-बाहेर वळलेले. त्यामुळे मान सगळीकडे फिरते आणि कंबर पुढे-मागे छान वाकते पण पिळली जात नाही. हे एकदा हाडं हातात घेऊन पाहिलंस की कुठल्या सांध्यावर कुठल्या दिशेने दाब द्यायचा, ते पाठ करावं लागत नाही. तुमच्या प्राणिशास्त्र विभागात सांगाडा असेलच. सरांना विचार, सुट्टीत रोज अर्धा तास त्याच्यापाशी बस. एकेक मणका डोळे मिटून ओळखता यायला हवा.

ताकदीबद्दल विचारलंस. व्हिडिओत दिसतो तो धक्का ताकदीचा वाटतो, पण तो वेगाचा असतो. कॅल्गरीच्या विद्यापीठात वॉल्टर हरझॉग यांनी हे बल मोजलं. पाठीवर उच्चांक साधारण 400 न्यूटन भरला, मानेवर साधारण 100. 100 न्यूटन म्हणजे दहा किलोचं वजन. ते तुझ्याजवळ आजही आहे. अवघड आहे ते एवढं बल सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात, एकाच दिशेने देणं आणि लगेच थांबणं. माझी उंची पाच फूट एक इंच आहे, हात लहान आहेत. तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूला, मनगटाच्या घडीपाशी, वाटाण्याएवढं एक हाड लागतं बघ. त्याचं नाव पिसिफॉर्म, आणि लॅटिनमध्ये त्याचा अर्थच वाटाण्यासारखं. माझं निम्मं आयुष्य त्या वाटाण्यावर चाललं आहे. व्यायाम जरूर कर, पण दंड फुगवायला नाही. पोहणं, सूर्यनमस्कार, बैठका कर. दिवसभर वाकून काम करताना आधी तुझीच कंबर जाते. माझ्या बॅचच्या दोघांनी याच कारणाने दहा वर्षांच्या आत काम कमी केलं.

हाताला आधी ऐकायला शिकव. कॉलेजात पहिल्या आठवड्यात आमच्याकडून एक सराव करून घेतला होता, तो तू आज रात्रीही करू शकतोस. डोक्याचा एक केस काढ, वहीच्या एका पानाखाली ठेव. डोळे मिटून बोटाच्या टोकाने पानावरून शोध. सापडला की अजून एक पान वर घे, मग अजून एक. पहिल्या दिवशी मला तीन पानांखालचा केसही लागेना, आणि मी बोट जोरात दाबत होते. आमच्या बाईंनी माझं मनगट धरून वर उचललं आणि म्हणाल्या, दाबलंस की तुला फक्त तुझं बोटच कळतं. सत्राच्या शेवटी मी बारा पानांपर्यंत पोचले होते. कातडीखाली काय चाललंय ते कळणं याच वाटेने येतं.

आणि तो आवाज. 'कट्' झालं म्हणजे हाड जागेवर बसलं, असं लोक धरून चालतात. 2015 मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात बोटाचा सांधा ओढून मोडताना एमआरआयखाली पाहिला. आवाजाच्या क्षणी सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होताना दिसली. हाड कुठे सरकलेलं नव्हतं आणि कुठे बसलंही नाही. लोक 'मणका सरकला', 'गादी सरकली' म्हणतात, बोलीत ठीक आहे, पण तू ते शब्द रुग्णाला देऊ नकोस. सरकलेल्या मणक्याच्या धास्तीने माणूस वाकायचंच सोडून देतो, आणि मग खरंच जखडतो.

आता या सगळ्याहून मोठी गोष्ट सांगते. हात कधी लावायचा नाही, ते ओळखण्यासाठी ही सगळी वर्षं जातात.

पुण्यात परतल्यावर दुसऱ्या वर्षी एक बाई आल्या, वय तिशीच्या आसपास, पाठीच्या मधोमध तीन महिने दुखत होतं. येण्याआधी एका ठिकाणी दोनदा पाठ मोडून घेतली होती आणि दुसऱ्या वेळेनंतर रात्रीची झोप गेली होती. मी त्यांना पालथं झोपवलं नाही. स्टुलावर बसवलं आणि विचारत गेले. रात्री दुखणं वाढतं का? हो. वजन? साडीचा ब्लाऊज ढिला झालाय. संध्याकाळी कणकण? त्या थोडं थांबल्या आणि म्हणाल्या, येते, पण ती कामाने येते. मग मी बोटाच्या पेराने एकेक मणक्याचं टोक हलकं ठोकत वरून खाली आले. एका ठिकाणी त्यांनी श्वास रोखला. तिथे बोटाला बारीक उंचवटा लागत होता. मी हात काढून घेतला. एमआरआय झाला, क्षयरोग निघाला, मणक्याचा पुढचा भाग खाल्लेला होता. त्यांनी औषधं पूर्ण घेतली आणि आज बऱ्या आहेत. अमेरिकेत कण्याचा क्षय आम्हाला पुस्तकातलं दुर्मीळ प्रकरण म्हणून शिकवला होता. आपल्याकडे तो रांगेत बसलेला असतो. इथे काम करायचं असेल तर संध्याकाळचा ताप, रात्रीचं दुखणं, उतरतं वजन हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय कुणाच्या पाठीला बोट लावू नकोस.

तसंच कमरेचं दुखणं घेऊन आलेला माणूस बसायच्या जागी बधिर वाटतं म्हणाला, लघवी तुंबते किंवा कळत नाही म्हणाला, तर त्याला त्याच तासाला रुग्णालयात पाठव. तिथे खालच्या नसांचा जुडगा दाबला जात असतो, आणि उशीर झाला तर ते नुकसान भरून येत नाही. मानेचंही तेच. आजवर कधी झाली नाही अशी मानदुखी-डोकेदुखी अचानक, सोबत चक्कर, बोबडं बोलणं, दोन-दोन दिसणं, गिळताना त्रास, असं असेल तर मानेतली धमनी आतून चिरलेली असू शकते. अशा मानेला झटका दिला तर पक्षाघात होऊ शकतो. ही घटना दुर्मीळ आहे, पण मानेवर काम करणाऱ्याला ती रोज आठवायला हवी. यासाठीच मज्जासंस्था शिकायची: कुठली नस कुठल्या बोटापर्यंत जाते, कुठला प्रतिक्षेप (रिफ्लेक्स) कण्याच्या कुठल्या पातळीचा.

संख्याशास्त्राचा एखादा पेपर मिळाला तर घेच. आमच्या सांगलीकडे उसण भरली की पायाळू माणसाला बोलवायचे आणि त्याचा पाय पाठीला लावून घ्यायचे. आजीची उसण अशी दरवेळी उतरायची. अचानक भरलेली बहुतेक पाठदुखी काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत आपली आपण कमी होते. त्या दिवसांत जो कोणी हात किंवा पाय लावेल, त्याच्या नावावर ती जमा होते. माझ्याही नावावर होते. म्हणून 'माझे दहापैकी आठ रुग्ण बरे झाले' याला किंमत नाही, तुलनेचा गट पाहिजे. 2017 मध्ये जामा या वैद्यकीय नियतकालिकात अशा चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. ताज्या पाठदुखीत मणक्यावरच्या उपचाराने दुखणं 100 पैकी सुमारे 10 गुणांनी जास्त कमी झालं. फायदा आहे, पण माफक. त्याच वर्षी अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने पाठदुखीत औषधांआधी ज्या उपायांचा विचार करावा असं सांगितलं, त्यात हा उपचार धरला. उपचारांच्या सूचना काढणाऱ्या ब्रिटनच्या नाईस संस्थेने 2016 मध्ये सांगितलं की हाताचे उपचार द्या, पण व्यायामाच्या जोडीनेच. मी माझ्या कामाचा दावा एवढाच ठेवते आणि त्यात मला समाधान आहे. एमआरआय वाचतानाही हीच नजर ठेव. 2015 च्या एका मोठ्या आढाव्यात, अजिबात पाठ न दुखणाऱ्या विशीतल्या माणसांपैकी 37 टक्क्यांच्या मणक्यांमधल्या चकत्या (गाद्या) झिजलेल्या दिसल्या, ऐंशीतल्यांमध्ये 96 टक्क्यांच्या. फोटोत झीज दिसली म्हणून दुखण्याचं कारण सापडलं असं होत नाही.

या व्यवसायाचा जुना इतिहासही डोळे उघडे ठेवून वाच. 18 सप्टेंबर 1895 ला आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्टमध्ये डी. डी. पामर यांनी हार्वी लिलार्ड नावाच्या सफाई कामगाराचा मणका दाबला आणि त्याचं बहिरेपण गेलं, अशी जन्मकथा सांगतात. तू प्राणिशास्त्राचा विद्यार्थी आहेस, ऐकण्याची नस कण्यातून जातच नाही हे तुला ठाऊक आहे. पामर यांनी पुढे लिहिलं की 95 टक्के आजार सरकलेल्या मणक्यांमुळे होतात. हे खरं नाही. तरी त्यावर श्रद्धा ठेवणारी माणसं, आणि काही कॉलेजंही, आजही आहेत. दुसऱ्या बाजूला अमेरिकन मेडिकल असोसिएशनने बरीच वर्षं या व्यवसायावर बहिष्कार ठेवला होता. 1976 मध्ये चेस्टर विल्क नावाचे कायरोप्रॅक्टर आणि त्यांचे सहकारी न्यायालयात गेले आणि 1987 मध्ये तो बहिष्कार बेकायदा ठरला. या दोन्ही गोष्टी एकाच व्यवसायाच्या आहेत. कॉलेज निवडताना अभ्यासक्रम मागव आणि बघ: निदान, क्ष-किरण, विकृतिशास्त्र याला किती तास आहेत, रुग्णालयात पाठवतात का, दमा, लहान बाळांचं रडणं, लसीकरण याबद्दल तिथले शिक्षक काय बोलतात. लसीविरुद्ध एक शब्द ऐकलास तर ते कॉलेज यादीतून काढून टाक. मी माझ्या वेळी हे विचारलं नाही, आणि पहिल्या वर्षात ऐकलेल्या काही गोष्टी विसरायला मला पुढची तीन वर्षं लागली.

पैशाचं लवकर उरकते, कारण ते सरळ आहे. अमेरिकेत नुसतं शुल्क लाख डॉलरच्या पुढे जातं. राहणं-खाणं धरून घरच्यांना कोटीच्या पुढचा आकडा सांगावा लागेल. तिथला कायरोप्रॅक्टर वर्षाला साधारण 75 ते 80 हजार डॉलर मिळवतो, पण त्यासाठी तिथे काम करायची परवानगी हातात लागते, आणि ती पदवीबरोबर मिळत नाही. ते कर्ज पुण्यातल्या किंवा सोलापुरातल्या कमाईतून फेडणं फार जड जातं. मला फेडायला नऊ वर्षं लागली, त्यातली सहा तिथल्या पगारावर. शेती गहाण ठेवून हा निर्णय घेऊ नकोस, एवढं तुझ्या वडिलांनाही सांग.

या महिन्यात काय करायचं ते सांगते. जवळच्या फिजिओथेरपी विभागात किंवा अस्थिरोग तज्ज्ञांकडे परवानगी घेऊन दहा दिवस नुसता बसून बघ. रुग्ण आत कसा चालत आला, खुर्चीतून कसा उठला, एवढंच वहीत लिही. दिवसाला तीस पाठी बघूनही सहाव्या दिवशी जावंसं वाटलं, तर पुढे जा. आणि प्रॅक्टिकलच्या वह्या, दरवर्षीचा छापील अभ्यासक्रम, तासांच्या नोंदी जपून ठेव. परदेशात मूल्यांकनाच्या वेळी प्रत्येक विषयाचे प्रयोगशाळेचे तास विद्यापीठाच्या शिक्क्यासह मागतात, आणि पास होऊन गेल्यावर तो शिक्का मिळवताना फार हेलपाटे पडतात. दुसऱ्या वर्षाचा निकाल लागला की विषयवार गुण आणि तास लिहून मला पाठव. विज्ञान विषयांच्या त्या 24 सेमिस्टर तासांचा हिशेब आपण दोघं मिळून मांडू, आणि तिसऱ्या वर्षाला कुठला पर्याय घ्यायचा ते त्यावरून ठरवू.